गज चार बोटं वर

१

सीमोल्लंघनाचा बार निघाला, तो बद्रीनाथला घेऊनच गेला. शिवेवरच्या शमीपुढे नारळ फुटला, पाटलानं हात वर केला, बद्रीनाथनं बंदूक आभाळाकडे धरून चाप ओढला. दरसाल या बाराचा आवाज ऐकून पोरं टाळ्या पिटायची. त्या संध्याकाळी आवाज असा काही झाला, की मागच्या लिंबावरचे बगळे उडाले ते परत फिरकलेच नाहीत. धूर विरला तेव्हा बंदुकीची नळी बुडाशी फाटून उलगडली होती आणि बद्रीनाथ उताणा पडला होता. लोकांच्या हातातली आपट्याची पानं हातातच राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी अमीन सिराजोद्दीन धामणवाडीच्या चावडीपुढे घोड्यावरून उतरले. अमीन म्हणजे तालुक्याच्या ठाण्याचे फौजदार. निजामाच्या पोलिसांत त्यांना तीस वर्षं झाली होती, वजिफा, म्हणजे पेन्शन, मिळायला पाच महिने उरले होते, आणि गुडघे मात्र आधीच घरी बसले होते. या आठवड्यातलं हे तिसरं मरण. सोमवारी एक विहीर, बुधवारी एक साप, आणि आता ही बंदूक. वाटूरच्या फाट्यापासून अडीच कोस येताना ते शिपाई कचरूशी एक शब्द बोलले नव्हते. त्यांना आता गुन्हेगाराचा राग येत नसे. नुसता शीण येई, आणि त्या शिणाची मनातल्या मनात लाज वाटे.

त्यांनी प्रेत पाहिलं, अग्नी द्यायला परवानगी दिली आणि चावडीत येऊन बसले. चावडीच्या खांबाला एक म्हातारा बांधला होता. पांढरी दाढी, अंगात विटकी बंडी.

"हा कोण?"

"इब्राहीम शिकारी," कारभारी पाटील म्हणाले. पाटील गडी हुशार. त्यांनी एक कागद पुढे सरकवला. "सायेब, तुमाला तरास नको म्हून सगळं लिहूनच ठिवलंय. गुन्हेगार हजर, पुरावा हजर. निस्ती सही ऱ्हायली."

अमीनसाहेबांनी कागद वाचला. वीस वर्षं गावची बंदूक इब्राहीमच्या नावावर होती. पिकात डुकरं शिरली की तोच राखणीला जायचा आणि दसऱ्याचा बारही तोच काढायचा. यंदा चैत्रात परवाना बद्रीनाथच्या नावावर झाला आणि म्हाताऱ्याचा मान गेला. तेव्हा तो भरल्या चावडीत म्हणाला होता, 'ही बंदूक एक दिवस त्या पोराला खाईल.' बार हवेत काढायचा, म्हणजे नळीत नुसती दारू हवी. पण लिंबाच्या फांदीत शिशाची गोळी रुतलेली सापडली, आणि तसल्या गोळ्या ओतायचा साचा तालुक्याच्या या अंगाला फक्त इब्राहीमच्या घरात आहे.

"उद्या पहाटं याला जिल्ह्याला धाडायचा," पाटील म्हणाले. "तिथून फुडं फाशी नायतर काळं पानी, त्यांचं ते बघतील."

कागद नीट लिहिला होता. अक्षरही चांगलं होतं. अमीनसाहेबांनी टाक दौतीत बुडवला. सही केली की संध्याकाळपर्यंत घरी, गरम पाण्यात पाय.

"सायेब," खांबाकडून आवाज आला. "येकच विचारतो. घोड्याला काळा दोरा व्हता का?"

"बघा," पाटील हसले. "कालपासून ह्येच टुमणं. म्हातारा चळला."

फुटकी बंदूक गोणपाटावर ठेवली होती. अमीनसाहेबांनी चाळशी लावून तिच्या घोड्याकडे, म्हणजे ठिणगीच्या टोपीवर आपटणाऱ्या त्या वाकड्या लोखंडाकडे, वाकून पाहिलं. लाकडी दस्त्यावर कुंकवाचे ठिपके होते. घोड्याला दोरा होता.

पण तो पिवळा होता.

२

"याला सोडा," अमीनसाहेब म्हणाले. "पळून जाईल म्हणता? या पायांनी? मग आम्ही दोघं शर्यत लावू."

कचरूनं दोर सोडला. इब्राहीम मनगटं चोळत खाली बसला. अमीनसाहेबांनी आपला पाण्याचा गडवा त्याच्यापुढे केला आणि तो पिऊन होईपर्यंत थांबले.

"आता बोला, बडे मियाँ. गोळी तुमची?"

"माझीच."

पाटलांनी मांडीवर थाप मारली. अमीनसाहेबांनी हात वर केला.

"नळीत कुणी घातली?"

"म्याच. पन दसऱ्याला न्हाई. अष्टमीच्या राती." म्हातारा सावकाश सांगू लागला, जणू कुणाला धडा समजावतो आहे. "परवाना त्याच्या नावाचा झाला, पन राखणीला मलाच बोलवायचा. त्याला कुठं येत व्हतं? अष्टमीला मी ज्वारीत गेल्तो. दारू भरली, गोळी घातली, वर अंबाडीचा बोळा ठासला. डुकरं आलीच न्हाईत. आता ठासणीची बंदूक, सायेब. येकदा भरली की बार काढल्याबिगर रिकामी करनं लई कटकट. दारू वाया जाती. म्हून भरलेलीच ठिवायची. टोपी तेवढी काढायची, आन् घोड्याला काळा दोरा बांधायचा. बकरीच्या केसाचा. दोरा हाय, म्हंजी पोटात बार हाय. वीस वरसं माझ्या घरात ह्योच रिवाज."

"आणि परत दिली?"

"सकाळी त्याच्या ओसरीवर खुटीला लावून आलो."

"बद्रीनाथला सांगितलं, भरलेली आहे म्हणून?"

इब्राहीमची मान खाली गेली.

"तो वाटूरला गेल्ता. घरात त्याची बायको नंदाबाई व्हती, लेकरू रडत व्हतं. मी म्हनलं, दोरा हाय की. माझ्या घरात दोरा बांधला की सांगितल्यावानीच व्हतं, सायेब. बायकोला ठाऊक, लेकीला ठाऊक. हे घर दुसरं हाय, ह्ये मनातच आलं न्हाई."

"आणि ते, पोराला खाईल, असं म्हणालात ते?"

"म्हनलो की. तोंडावर म्हनलो. आठ दिस माझ्याबरूबर ये, भरायला शीक, रिकामी करायला शीक, मंगच हात लाव. तर सगळ्यांम्होरं मला म्हनतो, चाचा, बंदूक चालवाया काय शाळा लागती? चाप वढला की झालं. हसले समदे. पाटीलबी हसले."

पाटलांनी चावडीबाहेर पाहिलं.

तेवढ्यात दारात एक बाई येऊन उभी राहिली. हातात फडक्यात बांधलेली भाकर. इब्राहीमची बायको, रहिमुन्निसा. तिनं भाकर नवऱ्यापुढे ठेवली आणि तशीच वळून अमीनसाहेबांना म्हणाली, "साब, ह्यांना मुंगी मारायची झाली तरी आधी बिस्मिल्ला म्हनतात. उद्या नेलं तर ह्ये परत येनार न्हाईत. ह्यांचा दम वाटंतच संपल."

"बाई," पाटील म्हणाले, "त्यो दोरा गावात कुणी पाह्यला? येक मानूस दावा."

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं जमिनीकडे.

कुणीच पाहिला नव्हता.

३

उन्हं कलली तेव्हा अमीनसाहेब शमीपाशी उभे होते. जमिनीवर आपट्याची पानं सुकून पडली होती. कुणी उचलली नव्हती. कचरू गुडघ्यावर बसून गवत चाचपत होता.

"काय शोधू साब?"

"ठासलेलं सगळं बाहेर पडतं, कचरू. गोळी सापडली, म्हणजे तिच्यावरचा बोळाही कुठंतरी असेल."

तासाभरानं कचरूच्या हाताला दोन गोष्टी लागल्या. एक, काळाठिक्कर पडलेला अंबाडीच्या वाखाचा गोळा. दुसरी, लाल पागोट्याच्या कापडाची जळकी चिंधी. अमीनसाहेबांनी दोन्ही तळहातावर घेतल्या.

"बद्रीनाथचं पागोटं कसलं होतं?"

"लालच की," पाटील म्हणाले. "दसऱ्यासाठी नवं आनलं व्हतं. जुनं फाडलं आसंल."

"म्हणजे वाख म्हाताऱ्याचा, चिंधी बद्रीनाथची. दोन बोळे, दोन हात, एकाच नळीत दोन बार." त्यांनी कपाळ पुसलं. "फुटणारच. आता मला सांगा पाटील, ज्यानं नळी भरली तो गज कुठं आहे?"

पाटील चमकले. ठासणीच्या बंदुकीला गज लागतोच. दारू, बोळा, सगळं त्या लोखंडी काडीनं ठासायचं. फुटक्या बंदुकीबरोबर तो गोणपाटावर नव्हता. पाटलांच्या कागदातही नव्हता.

"पडला आसंल कुठं."

"हाताएवढा नाही, चांगला दीड हात लांब लोखंड आहे. सुईसारखा हरवेल होय? बार भरताना बद्रीनाथच्या शेजारी कोण होतं?"

"रखमाजी," पाटलांनी सांगितलं. "चुलतभाऊ त्याचा. पन सायेब, त्या दोघांचं तीन वरसं बोलनं न्हाई. बांधावरून. मानाच्या जागंमुळं शेजारी उभं ऱ्हावं लागतं, इतकंच."

रखमाजीला बोलावलं. पस्तिशीचा, रुंद खांद्यांचा माणूस, पण चालत आला तो बकऱ्यासारखा, एकेक पाऊल मागे ओढत. अमीनसाहेबांनी त्याला काही विचारलं नाही. लिंबाच्या बुंध्याला टेकून बसले, त्यालाही बसायची खूण केली, आणि डबीतलं पान काढून अर्धं त्याला दिलं. पान अर्धं चघळून झालं.

"गज माझ्या गोठ्यात हाय," रखमाजी एकदम म्हणाला.

पाटील उठून उभे राहिले. "आरं तिच्या! म्हंजी तूच—"

"बसा पाटील," अमीनसाहेब म्हणाले. "त्याला बोलू द्या."

"त्यानं बंदूक भरली आन् गज माझ्या बाजूला भुईत रवला. मंग बार झाला. समदे त्याच्याकडं पळाले. मी पाह्यलं तर गज माझ्या पायापाशी. लोक काय म्हनतील? बांधाचं भांडन, आन् सामान याच्यापाशी. घाबरलो. घेऊन गेल्तो."

"एवढंच?"

रखमाजीच्या तोंडातलं पान थांबलं. डोळे भरले.

"न्हाई सायेब. एवढंच न्हाई."

४

कचरूनं गोठ्यातून गज आणला. चावडीत दिवेलागणीच्या आत सगळे बसले. अमीनसाहेब, पाटील, इब्राहीम, रखमाजी. गज पाहताच म्हातारा हात पुढे करून तो कुरवाळू लागला.

"ही खाच कसली, बडे मियाँ?"

गजावर, वरच्या टोकापासून जरा खाली, बोटांनी झिजून गुळगुळीत झालेली एक खाच होती.

"म्याच पाडली, सायेब. वीस वरसं झाली."

"पाटील, इकडे या. कचरू, तूही ये. डोळ्यांनी बघा, माझ्या शब्दावर जाऊ नका." अमीनसाहेबांचा आवाज बदलला होता, दिवसभरात पहिल्यांदाच त्यात थोडा जीव आला होता. त्यांनी फुटकी नळी समोर ठेवली. "नळी फाटली, पण लांबी कुठं जात नाही. हा गज तिच्याशेजारी ठेवतो. खालचं टोक नळीच्या बुडाशी. आता खाच कुठं आली?"

"तोंडाशी," कचरू म्हणाला. "बराबर तोंडाशी."

"म्हणजे नळी रिकामी असेल तर गज तळाला टेकतो आणि खाच तोंडाशी येते. आणि आत एक बार असेल तर?"

"चार बोटं वर," इब्राहीम म्हणाला. "दारू, बोळा, गोळी, बोळा. चार बोटं. अंधारात हातानं कळतं. बंदूक हातात घेतली की पैल्यांदा गज सोडायचा. मंग दुसरं काम."

"आता रखमाजी, तू सांग. बद्रीनाथनं बार भरून शेवटचा ठोका दिला, तेव्हा खाच कुठं होती?"

रखमाजीनं अंगठा आणि करंगळी ताणली. पुरी वीत.

"इतकी वर. मला खाचंचं काय ठाऊक न्हाई, सायेब. पन दरसाली चाचा भरायचा तवा गज इतका वर कधी दिसला न्हाई, ह्ये मला दिसलं. जिभंवर आलं व्हतं, आरं, गज लई वर राह्यला. पन तीन वरसात त्याच्याशी शबूद बोललो न्हाई. म्हनलं, आपन कशाला आधी बोलायचं?" त्यानं पागोट्याच्या शेवानं तोंड झाकलं. "त्यानं माझ्याकडं पाह्यलंबी व्हतं. जरा हसल्यावानी."

बाहेर गुरं गोठ्याकडे परतत होती.

"चार बोटं म्हाताऱ्याचा बार," अमीनसाहेब हळू म्हणाले. "वरचा बद्रीनाथचा. पहिला बार आत आहे हे त्याला ठाऊकच नव्हतं. आवाज मोठा व्हावा म्हणून दारूही ढीगभर घातली असेल."

पाटील मात्र हार मानणारे नव्हते. "ते खरं, सायेब. पन ह्यातून म्हातारा कसा सुटतो? दोन बार झाले, त्यातला येक ह्याचाच. दोरा बांधला ह्ये ह्योच सांगतो. मी म्हनतो, दोरा बांधलाच न्हाई. मुद्दाम. ठाऊक व्हतं, दसऱ्याला त्यो वरून भरनार. म्हाताऱ्यानं काय गोळी झाडायची गरज? गप्प ऱ्हायचं, बास."

इब्राहीमचा चेहरा राखेसारखा झाला. कारण पाटलाचं बोलणं चुकीचं नव्हतं. सगळं आता त्या एका दोऱ्यावर येऊन थांबलं होतं, आणि दोरा कुठंच नव्हता.

५

सुतकाच्या घरी जायला अमीनसाहेबांचे पाय धजत नव्हते. पण पहाटेला वेळ थोडा उरला होता.

ओसरीवर शेजारणी बसल्या होत्या. नंदाबाई कोपऱ्यात, भिंतीला टेकून, डोळे कोरडे. वय विसाचंही नसेल. खुंटी रिकामी होती. तिच्याखाली भिंतीवर हळदीकुंकवाची बोटं उमटली होती.

"बेटी, फार विचारणार नाही. परवा खंडेनवमी झाली. बंदुकीची पूजा कुणी केली?"

"मीच." आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा. "घरातली समदी हत्यारं पुजायची की. विळा, कुऱ्हाड, नांगर. बंदूक पैल्यांदाच घरात आल्ती. त्ये म्हनले, चांगली पूज, माझी पैली नवमी हाय. मी वल्या फडक्यानं पुसली, कुंकू लावलं, हळदीचा दोरा बांधला, झेंडूचं फूल खवलं."

"आधी काही बांधलेलं होतं?"

ती आठवू लागली. तेवढ्यात एक वर्षाची पोर रांगत ओसरीवरून आली आणि अमीनसाहेबांच्या बुटाच्या नाडीशी खेळू लागली. अमीनसाहेबांना नातवंडं होती. सवयीनं त्यांनी तिला उचलून कडेवर घेतलं. तिचा उजवा पाय त्यांच्या हातात आला.

घोट्याला काळा दोरा होता. सुताचा नव्हे. जाड, खरखरीत, बकरीच्या केसाचा. त्यांनी नाकाशी नेला. पोरीच्या अंगाच्या दुधाळ वासातूनही जळक्या दारूचा वास आला.

"हा कुठला, बेटी?"

"त्योच की," नंदाबाई म्हणाली. "बंदुकीला व्हता. पूजंच्या हत्याराला काळं कसं ठिवायचं? म्हून काढला. पन टाकला न्हाई. हत्याराचा दोरा लेकराला बांधला की दिष्ट लागत न्हाई, आसं आमच्याकडं..."

ती थांबली. तिनं अमीनसाहेबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग पोरीच्या पायाकडे, मग रिकाम्या खुंटीकडे. चावडीत म्हातारा दोऱ्याचं काय बोलतो आहे हे दिवसभरात बायकांकडून तिच्या कानावर आलं असणारच. आता ते तिच्यापाशी पोचलं.

"मंग... त्यो दोरा म्याच काढला," ती म्हणाली. "म्याच."

शेजारणींतली द्वारकाबाई तिला धरायला उठली. अमीनसाहेबांनी पोर तिच्याकडे दिली आणि स्वतः जमिनीवर, नंदाबाईच्या समोर, दुखऱ्या गुडघ्यांनी बसले.

"ऐक बेटी. तुला त्या दोऱ्याचा अर्थ कुणी सांगितला होता?"

तिनं मान हलवली.

"तुझ्या नवऱ्याला?"

"न्हाई. त्यांना गजाचंबी काय ठाऊक नसंल. हौस लई व्हती, सायेब. निस्ती हौस."

"मग ज्या गोष्टी कुणी शिकवल्याच नाहीत, त्या तू चुकलीस असं कसं म्हणायचं? दोन घरांत दोन रीती. तू तुझी रीत पाळली. ज्याच्या हाती बंदूक दिली, त्याला भरायला, तपासायला, रिकामी करायला शिकवणं हे तुझं काम नव्हतं."

"मंग कोनाचं व्हतं?" नंदाबाईनं विचारलं. रागानं नाही. खरोखर ठाऊक करून घ्यायचं होतं म्हणून.

अमीनसाहेबांनी खिशातली चाळशी काढली. मग म्हणाले, "परवान्याचा कागद घरात असेल. दाखवतेस?"

पत्र्याच्या पेटीतून, फाडून उरलेल्या जुन्या लाल पागोट्याखालून, घडी घातलेला कागद निघाला. बद्रीनाथनं तो तेलकट फडक्यात जपून ठेवला होता. अमीनसाहेबांनी चाळशी लावली. उर्दूतले खाने होते. नाव, गाव, जमीन, कारण. मग खाना सात: 'अर्जदाराकडून माझ्यासमक्ष बंदूक भरवून, तपासवून व रिकामी करवून पाहिली.'

पुढे एकच शब्द होता. 'हां.' आणि खाली सही.

सही त्यांची होती.

चैत्रातली ती दुपार त्यांना लख्ख आठवली. टेबलावर अर्जांचा ढीग, अंगाची लाही, आणि दारात हात जोडून उभा असलेला घामाघूम तरुण. 'बंदूक गावातच ऱ्हायली, सायेब. जाऊन आनू का?' आणि ते स्वतः म्हणाले होते, 'राहू दे, राहू दे. इतक्या उन्हात कशाला?' त्या दिवशी घरी जाताना त्यांना बरंही वाटलं होतं, की आपण एका गरीब माणसाची आठ कोसांची रपेट वाचवली.

त्यांनी कागद नंदाबाईपुढे धरला. तिला वाचता येत नव्हतं. त्यांनी सातव्या खान्यावर बोट ठेवलं.

"माझं होतं, बेटी," ते म्हणाले. "हे काम माझं होतं."

६

पाटलांचा कागद अमीनसाहेबांनी परत केला. त्यांनी दुसरा लिहिला. त्यात दोन बोळे होते, गजाची वीत होती, रखमाजीचा जबाब होता, पोरीच्या पायातला दोरा होता. खून नाही, असं लिहिलं. इब्राहीमला निर्दोष सोडतो, असं लिहिलं. मग टाक पुन्हा दौतीत बुडवला आणि शेवटी लिहिलं: 'सातव्या खान्यात मी पाहिलं असं लिहिलं होतं. मी पाहिलं नव्हतं.'

"सायेब," पाटील हळूच म्हणाले, "ही शेवटची वळ न्हाई लिवली तरी चालंल. म्हातारा तर सुटलाच की."

"पाटील, ही ओळ नाही लिहिली तर पुढचा अमीनही उन्हात कशाला म्हणेल."

पहाटे इब्राहीमला कुठं धाडायचं नव्हतं. रहिमुन्निसा त्याला हाताला धरून घरी घेऊन गेली. वाटेत तो दोनदा थांबला. दुसऱ्यांदा बद्रीनाथच्या दारासमोर.

जिल्ह्याहून अमीनसाहेबांना जाब विचारणारा कागद आला, त्याला त्यांनी उत्तर दिलं. वजिफ्यातून किती कापलं ते त्यांनी घरी सांगितलं नाही. धामणवाडीत रखमाजी आता दोन्ही शेतांवर डबा वाजवून डुकरं हाकलत असे, आपल्याही आणि नंदाबाईच्याही. बांधावरून उडी मारताना तो बांधाकडे पाहत नसे, असं कचरूनं सांगितलं.

कार्तिकात एका सकाळी ठाण्याच्या अंगणात हद्दीतले सगळे परवानेवाले आपापल्या बंदुका घेऊन बसले होते. एकेकानं यायचं, गज सोडायचा, भरून दाखवायची, रिकामी करून दाखवायची. ज्याला येणार नाही त्यानं रोज यायचं, शिकेपर्यंत. तोवर बंदूक ठाण्यात. अमीनसाहेब खुर्चीवर, शेजारी सतरंजीवर इब्राहीम, हातात गज.

"आठ दिस?" कुणीतरी कुरकुरलं. "चाप वढायला आठ दिस?"

"चाप ओढायला एक क्षण पुरतो, बाबा," अमीनसाहेब म्हणाले. "आठ दिवस न ओढायचा कधी, ते शिकायला."

लोक हसले. पहिला मान पाटलांचा. कारभारी पाटील नवं धोतर नेसून आले होते. त्यांनी आपली बंदूक ऐटीत पुढे केली.

"रिकामी आहे?" अमीनसाहेबांनी विचारलं.

"रिकामीच, सायेब. घरात लेकरंबाळं हायत. मी भरलेली कशाला ठिवीन? दिवाळीपासून खुटीलाच हाय."

इब्राहीमनं बंदुकीचं तोंड आभाळाकडे केलं. गज नळीत सोडला. खाली टेकल्याचा आवाज आला. आवाज बोदा होता. लोखंडावर लोखंड नव्हतं. त्यानं गज तोंडापाशी अंगठ्यानं धरला, बाहेर काढला आणि नळीच्या बाहेरून लावला. खालचं टोक बुडाशी नेलं.

मग त्यानं अंगठा आणि नळीचं तोंड यांच्यामधल्या जागेत आपली बोटं ठेवली. एक, दोन, तीन, चार.

अंगणात कुणी हसलं नाही. अमीनसाहेबांनी डोळे मिटले, उघडले, आणि वहीत पहिलं नाव लिहिलं.